खुनी समोर असतो आणि तरी दिसत नाही: 'प्रोफोंदो रोस्सो'च्या त्या बोळाबद्दल

विचारणाऱ्याने 1975 सालचा इटालियन खूनपट 'प्रोफोंदो रोस्सो', म्हणजे इंग्रजी नावाने 'डीप रेड', नुकताच पाहिला आहे. तो स्वतः लघुपट करतो. त्याचं म्हणणं असं: पहिल्या खुनाच्या वेळीच खुनी पडद्यावर दिसतो असं सगळे सांगतात, मग मला का दिसला नाही? ही करामत कॅमेऱ्याची की संकलनाची? आणि पात्रं इंग्रजी बोलता बोलता मध्येच इटालियन का बोलायला लागतात, ओठ आणि आवाज जुळत का नाहीत?

मी संकलक आहे. फिल्म कापून चिकटवण्याच्या काळात धंद्यात आलो, आता संगणकावर तेच करतो, आणि शिकवायची वेळ आली की हा सिनेमा हमखास काढतो. उत्तरात खुनी कोण हे येणार आहे. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी आधी तो बघावा आणि मग पुढे वाचावं.

प्रसंग नीट आठवू या. रात्रीची वेळ. मार्कस डॅली हा इंग्रज पियानोवादक (डेव्हिड हेमिंग्ज) आणि त्याचा दारुड्या मित्र कार्लो (गाब्रिएले लाविया) एका मोकळ्या चौकात कारंज्याच्या पुतळ्यापाशी गप्पा मारतायत. ती जागा तोरिनोतली आहे, पियात्सा सी.एल.एन., पो आणि दोरा या दोन नद्यांचे दगडी पुतळे तिथे आजही आहेत. कोपऱ्यातला तो उजळलेला बार मात्र एडवर्ड हॉपरच्या 'नाइटहॉक्स' या चित्रावर बेतून मुद्दाम उभा केलेला. वरून किंकाळी येते. खिडकीशी हेल्गा दिसते, परचित्त वाचणारी बाई, जिने त्याच दिवशी भर सभेत 'इथे बसलेल्यांपैकी एकाने खून केला आहे' असं सांगितलं होतं. मार्कस धावत जिना चढतो, उघड्या दारातून आत शिरतो, आणि समोर लांब बोळ. भिंतींवर चित्रं, चित्रांत चेहरेच चेहरे, पांढुरके, भुतासारखे. मार्कस त्यांच्यासमोरून पुढे निघून जातो. त्यातला एक चेहरा रंगवलेला नाही. तो आरशात आहे, आणि तो खुन्याचा आहे.

हे दिसत नाही यामागे एकच युक्ती नाही, चारपाच गोष्टी एकावर एक रचल्या आहेत. पहिली म्हणजे आपल्याला कुठे जायचंय ते आधीच ठरलेलं असतं. बोळाच्या टोकाला बाई मरतेय, लक्ष तिच्याकडे. गणपतीच्या गर्दीत आपण मखराकडे बघत पुढे सरकत असतो तेव्हा शेजारून सख्खा भाऊ गेला तरी कळत नाही, तसंच हे. दुसरी: चौकटीत जे हलतं तिकडे डोळा जातो. हलतोय तो मार्कस. आरशातला चेहरा अगदी स्थिर आहे. तिसरी गोष्ट नेपथ्याची. फिकट चेहरे रंगवलेल्या चित्रांच्या रांगेत फिकट चेहरा ठेवला की तो सजावटीचा भाग होऊन जातो. कोऱ्या भिंतीवर एकच आरसा असता तर शेंबड्या पोरानेही ओळखला असता. आणि चौथी गोष्ट चौकटीची रुंदी. लुईजी कुवैलर यांनी हा सिनेमा रुंद पडद्यासाठी टिपलाय, आणि रुंद चौकटीत एका नजरेत सगळं मावत नाही, डोळ्याला निवड करावीच लागते.

आता संकलनाचा भाग. संकलक फ्रांको फ्रातिचेल्ली. या सिनेमाचा दिग्दर्शक दारिओ आर्जेन्तो, त्याच्या 1970 च्या पहिल्या सिनेमापासून पुढची बरीच वर्षं बहुतेक वेळा तेच त्याचे संकलक. प्रेक्षकाला 'हे महत्त्वाचं आहे' असं सांगायची आमच्याकडे ठरलेली हत्यारं असतात: वस्तूचा क्लोज-अप, तिच्याकडे बघणाऱ्याचा रिअॅक्शन शॉट, किंवा नुसता शॉट गरजेपेक्षा थोडा जास्त धरणं. दहा-बारा फ्रेम, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद, जास्त धरल्या तरी प्रेक्षक सावध होतो, कारण सिनेमे बघून बघून त्याला ती सवय लागलेली असते. फ्रातिचेल्लींनी इथे यातलं एकही हत्यार काढलेलं नाही. मार्कस त्या चेहऱ्याकडे बघून दचकत नाही, थबकत नाही, शॉट त्याच्या चालण्याच्या वेगाने येतो आणि जातो. म्हणून कॅमेरा की संकलन याचं माझं उत्तर असं की कॅमेऱ्याने पुरावा समोर ठेवला आणि संकलन गप्प बसलं. हे गप्प बसणं फार अवघड असतं. माझ्यासमोर आजवर जेवढे रहस्यपट कापायला आले त्यात दिग्दर्शकाने 'अरे, लोकांना कळणार नाही रे, एक कटअवे टाक' (म्हणजे मध्येच त्या वस्तूचा वेगळा शॉट घाल) असं म्हटलं नाही असं क्वचितच झालं.

पण खरी बदमाशी पुढे आहे. थोड्या वेळाने मार्कस म्हणतो की भिंतीवर एक चित्र होतं, ते आता नाहीसं झालंय. झालं! आता आपणही चित्र शोधायला लागतो. प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे आणि तो ज्याने स्वतः पाहिलं त्यानेच मांडलाय, तेव्हा शंका कोण घेणार? कार्लो तर त्याला सांगतो की तू जे पाहिलंस आणि जे तुला वाटतं ते आठवणीत एकमेकांत मिसळून जातं. दारुड्याची बडबड म्हणून आपण ते सोडून देतो. सिनेमाचा सगळा मुद्दा तिथे सांगून झालेला असतो.

या सिनेमाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे, बाकी सगळं तिच्याभोवती आहे. नेहमीच्या रहस्यपटात माहिती लपवलेली असते, पोलीस ती हळूहळू उघड करतात. इथे माहिती लपवलेलीच नाही. ती दाखवून झालेली आहे, आणि दोन तास झगडा चालतो तो आपल्याच आठवणीशी. हे एका शॉटपुरतं नाही, सिनेमाभर आहे. तीन ठिकाणं सांगतो.

एक, भिंतीवरचं चित्र. खुन्याचा माग काढत मार्कस एका ओसाड व्हिलामध्ये, म्हणजे जुन्या बंगल्यात, जातो. ती खरी वास्तू आहे, तोरिनोची व्हिला स्कॉट, 1902 ची, वास्तुकार पिएत्रो फेनोल्यो. त्या काळी तिथे नन चालवत असलेलं मुलींचं वसतिगृह होतं. तो भिंतीचा गिलावा खरवडतो, खालून लहान मुलाने काढलेलं चित्र निघतं: रक्ताने माखलेला माणूस, हातात सुरा घेतलेलं मूल. पोराने खून केला, असा निष्कर्ष काढून तो निघून जातो. आणि तो गेल्यावर, रिकाम्या खोलीत, गिलाव्याचा आणखी एक तुकडा आपसूक गळून पडतो आणि तिसरी आकृती दिसते. हे फक्त आपल्याला दाखवलंय. तरीही पुढे कार्लोवर संशय आला की आपण मार्कसबरोबर मान डोलावतो!

दोन, कार्लो. शाळेतल्या प्रसंगात तो पिस्तूल घेऊन समोर येतो, मग पळताना कचऱ्याच्या ट्रकमागे फरफटत जाऊन भयानक रीतीने मरतो, आणि सिनेमा संपल्यासारखा वाटतो. मार्कस घरी चाललेला असतो आणि चौकात त्याला आठवतं: किंकाळी आली तेव्हा कार्लो तर माझ्यासमोर होता. हा बचाव आपण सुरुवातीलाच डोळ्यांनी पाहिलेला आहे, दोघं एकाच चौकटीत. शिकवताना मी इथे सिनेमा थांबवतो आणि विचारतो की हे कोणाच्या लक्षात होतं. हात वर येत नाहीत.

तीन, कार्लोची आई, म्हणजेच खुनी. हा माझा सगळ्यात आवडता भाग. ही भूमिका केली आहे क्लारा कालामाई यांनी. 1943 च्या विस्कोंतीच्या 'ओस्सेस्सिओने'ची नायिका, युद्धकाळातल्या इटालियन पडद्यावरचं मोठं नाव. इथे ती जुनी नटी म्हणूनच येते, भिंतीवर तिचे जुने फोटो लावलेले आहेत, आणि ते कालामाईंचे खरेखुरे फोटो आहेत. मार्कस सांगतो मी पियानो वाजवतो, ती पुन्हा पुन्हा त्याला इंजिनिअर ठरवते. प्रेक्षक हसतो. हसला की संपलं, म्हातारी विसरभोळी, तिच्यावर कोण संशय घेतो? विसरभोळेपणा तिचा नव्हे, आपला आहे. हा विनोद हलकाफुलका आहे, लहानशा प्रसंगात बसवलाय, आणि त्याने केलेलं काम एखाद्या मोठ्या खोट्या पुराव्यापेक्षा जास्त आहे. 1975 चा इटालियन प्रेक्षक तर तिला बघून जुन्या आठवणींत हरवला असणार, म्हणजे फसवणूक दुप्पट.

जाता जाता: कार्लोचा प्रियकर म्हणून जो नाजूक तरुण दार उघडतो, ती भूमिका जेराल्डीन हूपर या नटीने केली आहे. बघितलं ते खरं मानू नका, हे सिनेमा असल्या फुटकळ जागीही करत राहतो.

आणि हेमिंग्जची निवडही योगायोग नव्हे. 1966 मध्ये आन्तोनिओनीच्या 'ब्लो-अप'मध्ये त्याने छायाचित्रकार केला होता, जो फोटो मोठा करत करत खुनाचा पुरावा शोधतो. त्याच नटाला इथे कानाचा माणूस केलंय, संगीतकार. डोळ्यांनी पाहिलेलं त्याच्या ध्यानात राहत नाही.

थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय खुन्याचे काळे हातमोजे वगैरे कळणार नाहीत. मोन्दादोरी या प्रकाशनाने 1929 पासून पिवळ्या मुखपृष्ठांची रहस्यकथांची मालिका काढली, आणि इटलीत अशा कथांना 'जाल्लो', म्हणजे पिवळी, हेच नाव पडलं. आपल्याकडे अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा वाचक होता, तसाच तिकडे या पुस्तकांचा. सिनेमात ते वळण मारिओ बावाने आणलं, 1963 आणि 1964 च्या दोन सिनेमांत, आणि दुसऱ्या सिनेमातला चेहरा झाकलेला, हातमोजे घातलेला खुनी पुढे सगळ्यांनी उचलला. दारिओ आर्जेन्तो मुळात वर्तमानपत्रात सिनेमावर लिहिणारा. 1968 च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या कथेत बेर्तोलुच्ची आणि लेओनेबरोबर त्याचंही नाव आहे. 'प्रोफोंदो रोस्सो' त्याने बेर्नार्दिनो झाप्पोनीबरोबर लिहिला. झाप्पोनी हा विक्षिप्त पात्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या दिग्दर्शक फेलिनीचा लेखक, तेव्हा यातली विक्षिप्त माणसं कुठून आली ते कळतं. पडद्यावर जे काळे हातमोजे दिसतात त्यांतले हात स्वतः आर्जेन्तोचे आहेत.

खुनांबद्दल विचारलेलं नाही, पण लघुपट करणाऱ्याने बघावं म्हणून सांगतो. गोळी लागल्याचा अनुभव आपल्यापैकी जवळजवळ कोणालाच नाही. कढत पाण्याने भाजल्याचा सगळ्यांना आहे, फर्निचरच्या कोपऱ्यावर आपटल्याचाही आहे. म्हणून इथे एक बाई नहाणीघरात कढत पाण्यात मारली जाते, आणि प्राध्यापक जोर्दानीचे दात टेबलाच्या आणि शेकोटीच्या कडेवर आपटले जातात. रक्ताचा रंग सरळ रंगाच्या डब्यासारखा आहे, खोटा आहे हे दिसतं, पण वेदना ओळखीची असल्यामुळे आपण खुर्चीत आक्रसतो. त्या प्राध्यापकाच्या खोलीत एकदम धावत येणारी यांत्रिक बाहुली कार्लो रांबाल्दींनी केली, ज्यांना पुढे 'एलियन' आणि 'ई.टी.'साठी ऑस्कर मिळालं. त्या बाहुलीची कथेला काडीची गरज नाही. माझ्या हाताखालच्या कुठल्याही पोराने ती पटकथेतून काढून टाकली असती, आणि सिनेमातला सगळ्यात लक्षात राहणारा क्षण गेला असता.

आवाजाकडे येतो. इटलीत त्या काळी बहुतेक सिनेमा मूक असल्यासारखाच शूट व्हायचा. नट आपापल्या भाषेत बोलायचे, इंग्रज इंग्रजीत, इटालियन इटालियनमध्ये, सेटवरचा आवाज नुसता संदर्भाला, आणि मग स्टुडिओत बसून इटालियन आवाज भरायचा, निर्यातीसाठी वेगळा इंग्रजी. म्हणून कुठलीही भाषा लावली तरी कोणाचे ना कोणाचे ओठ चुकणारच. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. सेटवरचा कच्चा आवाज, म्हणजे पायलट ट्रॅक, ऐकत डबिंग करणं हे हिंदी-मराठीतही कित्येक दशकं रोजचंच होतं, 'लगान'ने 2001 मध्ये जागेवरचा आवाज घेतला त्याचं म्हणून तर एवढं कौतुक झालं. इटालियन लोकांनी या मजबुरीचा फायदा करून घेतला: सेटवर आवाजाची फिकीर नाही, त्यामुळे कॅमेरा कुठेही घुसवता येतो, दिग्दर्शक शॉट चालू असताना ओरडून सूचना देऊ शकतो.

भाषा मध्येच बदलते त्याचं कारण वेगळं आहे. इटालियन प्रत 126 मिनिटांच्या आसपास आहे. निर्यातीसाठी तिच्यातली वीसेक मिनिटं कापली आणि इंग्रजी आवाज फक्त त्या छोट्या प्रतीसाठी तयार झाला. पुढे लांब प्रत पुन्हा लोकांसमोर आली तेव्हा कापलेल्या भागांना इंग्रजी आवाज मिळणार कुठून? म्हणून तिथे पात्रं अचानक इटालियन बोलतात. तुमची प्रत बिघडलेली नाही.

यात एक गंमत आहे, आणि संकलक म्हणून थोडा रागही. त्या वीस मिनिटांत काय गेलं? बरंचसं मार्कस आणि जान्ना (दारिया निकोलोदी) या पत्रकार बाईचं: पंजा लढवणं, तिची ती मोडकी फियाट 500 जिच्यात मार्कसची सीट खाली बसते आणि दार उघडत नाही. कापणाऱ्याला वाटलं हे सगळं रहस्याच्या आड येतंय. पण मार्कसला 'बायका दुबळ्या असतात' असं वाटतं आणि जान्ना त्याला दर वेळी हरवते, हा धागा खुनी बाई निघण्याशी थेट जोडलेला आहे. ते तुकडे काढले की शेवट नुसता धक्का उरतो. अट एकच घाला: लांब प्रत, इटालियन आवाज, खाली उपशीर्षकं. हेमिंग्जचा स्वतःचा आवाज जातो, तेवढं सोसा. मूळ निगेटिव्हवरून केलेली फोर-के प्रत उपलब्ध आहे, ती मिळाली तर उत्तम, कारण जुन्या व्हीएचएसच्या चौकोनी चौकटीत तो आरसा शोधण्यात अर्थ नाही, कडेचं निम्मं चित्र गेलेलं असतं.

संगीताबद्दल एवढंच की काम आधी जाझवाले जॉर्जो गास्लिनी यांच्याकडे होतं, मग आर्जेन्तोने गोब्लिन हा तरुण रॉक बँड आणला. खुनाआधी वाजणारं ते मुलांचं अंगाईसारखं गाणं गास्लिनींचं, मुख्य धून गोब्लिनची. संकलनाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की अंगाई पात्रांनाही ऐकू येते, खुनी टेपरेकॉर्डरवर लावतो, आणि गोब्लिन फक्त आपल्याला. मार्कस घरी पियानोवर बसलेला असताना ती अंगाई सुरू होते तो प्रसंग काढून बघा. त्याला कळलंय की घरात कोणीतरी आहे, आणि तो वाजवणं थांबवत नाही. थांबला तर समोरच्याला कळेल. दोन सुरावटी एकमेकींवर चाललेल्या, एक जगण्यासाठी, एक मारण्यासाठी, आणि त्या सगळ्या वेळात घडतंय काय, तर एक माणूस बसून पियानो वाजवतोय. भीती अशी स्वस्तात तयार करता येते, बाहुली नसली तरी.

सिनेमा निर्दोष नाही. पोलिसांचे विनोद आज रटाळ वाटतात. व्हिलामधला शोध लांबतो, मी असतो तर तिथे कात्री लावली असती. पालीला टाचणी टोचल्याचा शॉट मला आजही बघवत नाही, तो इंग्लंडच्या सेन्सॉरनेही कापला होता. आणि परचित्त वाचणाऱ्या बाईचा धागा पहिल्या खुनानंतर जवळजवळ विसरलाच जातो.

तुमच्या लघुपटासाठी, विचारलंय म्हणून. प्रेक्षकाला फसवायचं तर त्याला खरं दाखवून फसवा. पुरावा चौकटीत ठेवा, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूंमध्ये ठेवा, दुसरीकडे काहीतरी हलतं ठेवा, आणि संकलनाच्या टेबलावर त्या शॉटला हात लावू नका. पहिली प्रत पाच जणांना दाखवा. त्यातल्या एकाला पुरावा दिसला तर शॉट थोडा तोकडा करा, तिघांना दिसला तर नेपथ्य बदला, तो दोष कापून जाणार नाही. एकालाही दिसला नाही तरी खूश होऊ नका. त्यांना शेवटी तो शॉट पुन्हा दाखवा आणि 'अरे, हा तर होताच' असं तोंडातून निघतं का बघा. 'हा कुठे होता?' असं कोणी म्हणालं तर तुम्ही लपवलंय, आणि मग खेळ नियमाबाहेर गेला.

यानंतर आर्जेन्तोचा 1970 चा पहिला सिनेमा बघा, स्फटिकाच्या पिसांच्या पक्ष्याचं नाव असलेला, इंग्रजीत 'द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज'. त्यात नायक कलादालनाच्या दोन काचेच्या दारांमध्ये अडकून झटापट बघतो आणि कोण कोणाला मारतंय तेच उलटं समजतो. तीच कल्पना, पाच वर्षं आधी, आरशाऐवजी काच. दोन्हींतले ते प्रसंग एकामागून एक, आवाज बंद करून लावा आणि प्रत्येक कटच्या वेळी तुमची नजर पडद्याच्या कोणत्या भागात होती ते कागदावर टिपत जा.